काठीखालची पाटी

साखराबाईनं खिडकीच्या गजातून दोन बोटं आत घातली.

“दोन द्या. मोठ्या माणसांची.”

तिकिटाच्या खिडकीत बसलेल्या उज्ज्वलानं मान वर केली. गजापलीकडे ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेली म्हातारी, आणि तिच्या मागं चार पावलं सोडून, धुतलेला पटका बांधलेला म्हातारा.

“आजी, आतून लाकूडफाटा न्यायला बंदी आहे. गवतपण नाही.”

“लाकूड कोण मागायलंय? आमाला डोंगर बघायचाय.”

“बघायचाय म्हणजे?”

साखराबाईनं मागं वळून रांगेतल्या लोकांकडे बोट केलं. बीडच्या गाड्यांतून उतरलेली मंडळी होती, काळे चष्मे लावलेली.

“हे बघायलेत तसा.”

उज्ज्वलानं मुकाट्यानं दोन तिकिटं फाडली. साखराबाईनं ती घडी घालून चंचीत ठेवली. चंचीत आधीपासून एक वहीचा कागद होता, तो जागेवर आहे ना, हेही तिनं बोटांनी चाचपून घेतलं.

आता ज्या डोंगराच्या पायथ्याशी तिचं घर, ज्याच्या घळीघळीत तिनं चूल पेटवली, तोच डोंगर बघायला ती एसटीनं वळसा घालून आली होती. अंगणातून दिसणारा डोंगर तिकीट काढून बघायचा, हा शहाणपणा कुणाला सांगितला असता तर त्यानं तिला वेड्यात काढलं असतं. म्हणून तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. नवऱ्याला तेवढं म्हणाली होती, “आता मेंढरं इकली. आता आपल्याला कोण आडवतंय? एकदा चला, मला वरनं बघायचंय.”

गहिनीनाथ नाही म्हणेल, याची तिला खात्री होती. त्याला कारण होतं. बारा वर्षांपूर्वी, पाण्याचा टिपूस नव्हता त्या उन्हाळ्यात, त्यानं मेंढरं अभयारण्यातल्या झऱ्यावर घातली आणि तो धरला गेला. तेव्हाच्या साहेबांनी त्याला या फाटकापाशी दिवसभर उन्हात बसवलं. पटका काढून. येणारे-जाणारे बघत होते. संध्याकाळी मेंढरं सोडली, पण काठी ठेवून घेतली. बापाच्या हातची, चिव्याच्या भरीव बांबूची काठी, तीन पितळी कड्यांची, मुठीवर चंद्रसूर्य कोरलेली. घरी येऊन तो म्हणाला होता, “त्या फाटकातून परत पाय टाकला तर बापाचं नाव लावनार न्हाई.” त्यानंतर त्यानं धड काठी अशी केलीच नाही. बाभळीचा फोक तोडायचा आणि त्यावर मेंढरं हाकायची. बोलणं आधीच कमी, तेही निम्म्यावर आलं. साखराबाईला वाटायचं, माणूस त्या दिवशी फाटकापाशीच राहिला, घरी नुसतं धोतर-पटका आलं.

पण परवा तिनं विषय काढला तर तो नुसता म्हणाला, “चल की.” भांडणाची सगळी तयारी तिची फुकट गेली.

खरं कारण तिनं त्याला सांगितलं नव्हतं. मागच्या आठवड्यात परळीहून नाथा, तिचा मुलगा, लेकीला घेऊन आला होता. आरोही पाचवीत. तिच्या शाळेची सहल याच अभयारण्यात येऊन गेलेली. रात्रीची भाकरी थापताना ती चुलीपाशी येऊन बसली आणि कुजबुजली, “आज्जी, आजोबा शिकारी होते का गं?”

साखराबाईच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली.

आत एका खोलीत म्हणे भिंतीवर काठी लावली होती. घरातल्या फोटोत आजोबांच्या हातात आहे अगदी तशी, तीन कड्यांची. आणि खाली पाटी. पोरीनं वहीचा कागद फाडून त्यावर पाटीवरचे शब्द उतरवून दाखवले आणि बोट ठेवून वाचले, ‘शिकाऱ्याकडून जप्त.’

“मैत्रिणींना मी सांगितलंच नाही, आमची काठी आहे म्हणून,” आरोही म्हणाली.

ते वाक्य साखराबाईच्या काळजात काट्यासारखं मोडलं होतं. ज्या माणसानं मेंढराच्या पिलावर टपलेल्या लांडग्यालासुद्धा कधी दगडापलीकडे काही मारलं नाही, त्याच्या नातीनं त्याची लाज धरावी! कागद तिनं ठेवून घेतला, पोरीला गप्प राहायला सांगितलं आणि मनाशी ठरवलं. तिकीट काढून जायचं, चार सुशिक्षित माणसांसमोर ती पाटी उपटायची, आणि काय बोलायचं ते बोलायचं. मग धरू देत. तिलाही बसवू देत फाटकापाशी.

“आवं, शेजारनं चाला की,” पायवाटेला लागल्यावर ती म्हणाली. “मी काय मेंढी हाय, मागनं हाकायलात ते?”

“सवय,” गहिनीनाथ म्हणाला. दहा पावलं शेजारून चालला आणि पुन्हा मागं पडला. हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. मागं बांधायचा, सोडायचा, पटक्याला लावायचा.

चढ संपला तिथं दगडी कठडा बांधून ‘सूर्यास्त पॉइंट’ अशी पाटी लावली होती. त्या पाटीखालच्या खडकाला त्यांच्यात कोकराचा खडक म्हणत. भर पावसात एक मेंढी इथं व्याली होती आणि साखराबाईनं ते कोकरू पदरात गुंडाळून घरी नेलं होतं. ती सरळ जाऊन त्या खडकावर बसली. एक सुरक्षारक्षक लांबून शिट्टी वाजवत होता. तिनं चंचीतून तिकीट काढलं आणि त्याला दिसेल असं उंच धरलं. शिट्टी थांबली.

कठड्यापाशी बीडचं एक नवं जोडपं मोर शोधत होतं. समोर दोन मोर दाणे टिपत होते, पण मुलगी हिरमुसली होती.

“आजोबा, हे नाचत का नाहीत?”

“आता कावून नाचंल? पिसारा नवा यायलाय त्याचा,” गहिनीनाथ म्हणाला. “नवं कापड घालून धुळीत कोण नाचतंय?”

मुलगी हसली. तिनं दोघांना कठड्यापाशी उभं करून फोटो काढला. फोटोत हात कुठं ठेवायचा हा प्रश्न आला, तेव्हा साखराबाईनं नवऱ्याचा हात सरळ आपल्या हातात घेतला. चाळीस वर्षांत चारचौघांत घेतला नव्हता. तो बावचळला, पण त्यानं सोडवून घेतला नाही.

उतरताना कौलारू खोली दिसली. बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत वनरक्षक बसलेला. साखराबाईची पावलं तिकडं वळली.

“तिकडं काय न्हाई,” गहिनीनाथ घाईनं म्हणाला. “भुसा भरलेलं एक तरस हाय. काचाच्या डोळ्याचं.”

तरसाचे डोळे काचेचे आहेत हे याला कसं ठाऊक, हे तिच्या ध्यानात यायला हवं होतं. पण रागानं भरलेल्या माणसाला ऐकू कमी येतं.

“तिकीट काढलंय,” ती म्हणाली. “समदं बघणार.”

दारातला वनरक्षक रामकिसन होता, शेजारच्याच गावचा. बारा वर्षांपूर्वी जप्तीच्या कागदावर काठीची नोंद त्यानंच केली होती. तेव्हा मिशी काळी होती, आता पांढरी झालेली. दोघांना बघून तो खुर्चीतून उठला. साखराबाई त्याच्याकडे न बघता आत गेली.

भिंतीवर तारेचे फासे होते, एक लोखंडी सापळा होता, दांडा तुटलेली कुऱ्हाड होती. शेवटी दोन खिळ्यांवर आडवी काठी. प्रत्येकाखाली छोटी पाटी. साखराबाईनं कागद काढला आणि हातातल्या अक्षरांशी पाटीवरची अक्षरं एकेक करून ताडून पाहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण शेकड्यानं मेंढ्या तोंडावरून ओळखणाऱ्या बाईला आठ-दहा अक्षरं ओळखायला काय लागतं? पहिलं वेलांटीचं. मधलं उकाराचं. शेवटचं जोडलेलं. तंतोतंत तीच.

तिचा हात पाटीकडे गेला. आणि वाटेतच थांबला.

फासे गंजले होते. सापळ्यावर बोटभर धूळ होती. काठी मात्र लखलखत होती. चिवा तेल पिऊन मधासारखा झालेला, कड्या चिंचेनं घासलेल्या. आणि मुठीवरच्या चंद्रसूर्यावर हळदकुंकवाची बोटं होती, वाळलेली, पण नीट ओढलेली. तिनं नाक जवळ नेलं. करडईचं तेल.

“तेल कुणी लावलं हिला?”

रामकिसननं गहिनीनाथाकडे पाहिलं. गहिनीनाथानं पटक्याला हात लावला.

“मी.”

“कवा?”

“खंडेनवमीला. दरसालच्या.”

घरोघर खंडेनवमीला नांगर, विळे, कोयते धुऊन पुजतात. त्या दिवशी गहिनीनाथ सकाळीच अंबाजोगाईला देवीला म्हणून निघायचा आणि येताना प्रसाद हमखास विसरायचा. त्यावरून तिनं किती वर्षं तोंड सोडलं होतं! देवीला गेलेला माणूस चिमूटभर कुंकू आणत नाही म्हणजे काय?

“दहा वर्सं झाली,” तो म्हणाला. “तुज्यासमोर शपथ घेतलती. मोडली म्हनून कसं सांगू? पर हत्यार बिनपुजेचं ठिवायचं न्हाई, असं बा म्हनायचा. तिकीट काढून येतो, पुजा करतो, जातो. चोरून न्हाई.”

“मग घेऊन कावून न्हाई आलात?”

“त्यांनी नेली, त्यांनी आनून द्यावी. मी मागनार न्हाई.” आणि मग, त्याच्या तोंडावर असं काही आलं, जे साखराबाईनं बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यानं पुढं होऊन पाटीखाली बोट ठेवलं. “आन् आता न्यायचं काय कारन? बघ की. नाव लिवलंय माजं.”



“कुणी सांगितलं?” तिनं विचारलं.

“ह्यानंच की. पयल्या साली वाचून दावलं.”

साखराबाईनं रामकिसनकडे पाहिलं. तो काचेच्या डोळ्यांच्या तरसाकडे बघत होता. दया म्हणून खोटं बोलला होता, की लाज वाटून, कोण जाणे. पण त्या खोट्यावर हा माणूस दहा वर्षं ताठ मानेनं आत येत होता, आणि त्या पाटीनं त्याची नात मान खाली घालून बाहेर गेली होती. तिला भयंकर राग आला, आणि त्याच वेळी रडूही आलं. दोन्ही तिनं गिळलं. चार माणसांत बोलायचं ठरवलेलं सगळं भाषण ओठाशी होतं. त्यातला एक शब्द जरी सुटला, तरी शेजारी उभा असलेला माणूस पुन्हा फाटकापाशी बसणार होता, या वेळी कायमचा.

“रामकिसन,” ती शांतपणे म्हणाली. “काय लिवलंय ते वाच बरं. मला ऐकायचंय.”

रामकिसन पाटीसमोर आला. घसा खाकरला.

“या डोंगराचा... मेंढपाळ... गहिनीनाथ, याची काठी.”

“‘जुना’ राह्यलं,” गहिनीनाथ म्हणाला. “‘जुना मेंढपाळ’ हाय.”

त्याला पाठ होतं.

“हाव,” रामकिसन म्हणाला. “जुना मेंढपाळ.”

साखराबाईनं हातातला कागद त्याच्यापुढं धरला, कोरी बाजू वर करून.

“ह्याच्यावर लिव. आत्ता वाचलंस तसंच. पाटीवरची अक्षरं पुसट झाल्यात.”

“मावशी, तसं परस्पर करता येत नाही. वरून मंजुरी...”

“कागद तर धर.”

त्यानं कागद घेतला. लिहायला टेबलावर ठेवताना सवयीनं मागची बाजू पाहिली. तिथं शाळेच्या टपोऱ्या अक्षरांत दोन शब्द होते. रामकिसननं ते वाचले. मग त्यानं वर पाहिलं. साखराबाई त्याच्याकडेच बघत होती, आणि तिनं नजर काढली नाही.

त्यानं खिशाचं पेन काढलं. सावकाश, एकेक अक्षर सुटं लिहिलं. कपाटातून डिंकाची बाटली आणली, मागच्या त्या दोन शब्दांवर डिंक फासला आणि कागद पाटीवर बसवला. कडा अंगठ्यानं दाबल्या.

“जुनी पाटी तर चांगली दिसत व्हती,” गहिनीनाथ म्हणाला. त्याला नवा कागद फारसा आवडला नव्हता.

“दिसत व्हती,” साखराबाई म्हणाली. तिनं पदर खोचला, नवऱ्याचा हात धरला आणि दारापर्यंत जाऊन वळली.

“आयतवारी आमची नात येनार हाय, रामकिसन. परत तिकीट काढून.” ती म्हणाली. “तिला वाचता येतं.”