पंप लिहायचा राहिला

बीटी कपाशी लावली की अळीची चिंता मिटली, असं छातीठोक सांगणारे यंदा तोंड लपवून बसले होते. बोंडांत गुलाबी अळी शिरली आणि जो तो औषधाचं प्रमाण विचारू लागला. त्यासाठीच नांदुऱ्याच्या एका लहानशा ऑफिसात संजीवनीनं सल्ल्याचं संकेतस्थळ बांधलं होतं. तिचे वडील भगवंतराव संग्रामपूरकडे आपल्या पऱ्हाटीच्या शेतात उभे राहून मोबाईलवर ते पान उघडायचे आणि शेजारच्या किसनरावांना दाखवायचे, "माह्या पोरीनं केलं हाय हे!"

पोरीनं केलं होतं खरं, आणि मोठ्या हौसेनं. दर पानावर तोच हिशेब पुन्हा लिहायला नको म्हणून तिनं स्वतःचा एक टॅग, म्हणजे पानात टाकायची खूण, घडवला होता, 'फवारा' नावाचा. पान लिहिणाऱ्यानं त्यात दोन ॲट्रिब्युट, म्हणजे दोन रकाने, भरायचे, 'औषध' आणि 'पंप'. बाकीचं सर्व्हर बघायचा आणि एका टाकीत औषध किती टाकायचं ते पानावर छापायचा. इंजिनावर चालणाऱ्या पॉवर पंपाला पाणी कमी लागतं, म्हणून टाकीमागे औषध तिप्पट. पाठीवरच्या साध्या पंपात तेवढं टाकलं तर अळीच्या आधी माणूसच आडवा व्हायचा.

त्या दिवशी दुपारी ती सकाळीच चढवलेल्या नव्या पानांवरून नजर फिरवत होती आणि थबकली. एकाही टॅगात पंप नव्हता.

पानं हरिओम भरायचा. कापडदुकानदाराचा मुलगा, शेतीशी संबंध ताटातल्या भाजीपुरता.

"हरिओम, पंप काऊन नाही लिवला?"

"औषधाले पंपाचं काय काम, ताई? मोटर तं विहिरीवर असते." तो हसला. "न लिहिताबी पान चालून राह्यलं ना!"

चालणारच. त्याच्यावर चिडून काय उपयोग? 'पंप' हा शब्द तिनंच निवडला होता. 'औषध' सक्तीचं करून 'पंप' ऐच्छिक तिनंच ठेवला होता. रिकामा दिसला तर पॉवर पंप धरायचा, ही ओळ चाचणीपुरती घातलेली, ती काढायची राहून गेली होती. सर्व्हरनं हू की चू न करता सगळ्यांना तिप्पट आकडा छापून दिला होता. बाबांचा पंप साधाच होता, पाठीवरचा.

तिनं बाबांना फोन लावला. नुसतीच रिंग वाजत राहिली. मग आईला लावला.

"आई, बाबा कुठी हायेत?"

"फवारून आले अन् निजले," मंजुळाबाई म्हणाल्या. "डोकं गरगर करून राह्यलं म्हणे. निजू द्या म्हटलं, थकले असतीन."

"निजू नको देऊ! उठव त्यायले, दवाखान्यात ने, आत्ताच!"

फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. "अहो... अहो, पोरीचा फोन हाय." मग तीच हाक मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं. तेवढ्यात बाहेरून धावत आलेला दुसराच आवाज, किसनरावांच्या बायकोचा, जनकाबाईचा: "मंजुळाबाई, चाला वं लवकर! आमचे हे फवारून आले अन् आता उठूनच नाही राह्यले!"

संजीवनीनं पडद्याकडे पाहिलं. पान अजून चालूच होतं.