सरव्याचा कोपरा

यशवंतपूरच्या मार्केट यार्डात रत्नाकर चक्रनारायण यांचं कांद्याच्या आडतीचं दुकान आहे. नगरकडून, नाशिककडून ट्रक येतात, माल ओट्यावर उतरतो, गोण्या सोडून ढीग लावतात, लिलाव होतो. सगळ्यांच्या दुकानात हेच चालतं. फरक एवढाच होता, की चक्रनारायणांच्या ओट्याचा मागचा कोपरा कधी झाडत नसत.

ही पद्धत त्यांच्या बायकोची, सुखदाची. दुकान सुरू झालं तेव्हाच तिनं ती घातली. शेताचे कोपरे कापून घ्यायचे नाहीत, खाली पडलेलं पुन्हा उचलायचं नाही, तो सरवा गरिबांचा आणि परक्यांचा, असं बायबलात सांगितलंय. शेत गावाकडं राहिलं, आता आपलं शेत म्हणजे हा ओटा, असं तिचं म्हणणं. रत्नाकर तेव्हा म्हणाले होते, की कांदा शेतकऱ्याचा, मग आपण कोण सोडून देणारे? त्यावर तिनं लगेच तोड काढली. कोपऱ्यात जाईल ते वजन आपल्या आडतीतून, म्हणजे दलालीतून, कापायचं, शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीला हात लावायचा नाही. रत्नाकर सरळ माणूस. हिशेब बरोबर बसतोय म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि पुढं कधी विषय काढला नाही.

पहिला ट्रक उतरण्याआधी सुखदा डोळे मिटून प्रार्थना करायची. हमाल तेवढा वेळ थांबायचे. हमालांचा मुकादम मंजुनाथ तर दुसऱ्यांना गप्प करायचा. मग ती निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायची, तोंड रस्त्याकडं, पाठ कोपऱ्याकडं. मागच्या पत्र्यातून ऊन डोळ्यांवर येतं म्हणून ती तशी बसते, असं रत्नाकरांना इतकी वर्षं वाटत होतं.

कोपऱ्यात यार्डामागच्या वस्तीतल्या बायका यायच्या. घरंगळलेले कांदे, बारकी गोल्टी, जोडकांदे वेचायच्या, सडका भाग तिथंच कापून टाकायच्या. त्यांतली विठाबाई सगळ्यांत जुनी. विजापूरकडची, घरात मराठी, बाहेर कन्नड. सुखदाला ती अक्का म्हणायची, रत्नाकरांना अण्णा.

फेब्रुवारीत सुखदा गेली. किडन्यांचं दुखणं होतं, बरेच महिने चाललं. शेवटी शेवटी दवाखान्यात ती फार बोलत नसे. घराबद्दल काही सांगितलं नाही, दागिन्यांबद्दल नाही. एकदाच म्हणाली, "कोपरा चालू ठेवा." रत्नाकर हो म्हणाले. दुसरं काही तिनं मागितलंच नव्हतं, त्यामुळं तो एक शब्द त्यांना फार मोठा झाला होता.

महिनाभरानं ते दुकानात यायला लागले. प्रार्थना त्यांना जमेना. उभे राहायचे, 'हे प्रभू' म्हणायचे आणि पुढचे शब्द यायचे नाहीत. मंजुनाथ थोडा वेळ वाट बघायचा, मग 'सरी, सरी', बरं बरं, म्हणत हमालांना हात करायचा.

कोपऱ्याचं मात्र चांगलं करायचं, असं त्यांनी मनावर घेतलं. तिथं बायका उकिडव्या बसून धुळीतलं वेचतात, हे सुखदाच्या नावाला शोभत नाही, असं त्यांना वाटू लागलं. त्यांनी कापडी पिशव्या शिवून घेतल्या. त्यांवर मराठीत आणि कन्नडमध्ये छापलं, 'कै. सुखदा रत्नाकर चक्रनारायण यांच्या प्रेमळ स्मरणार्थ', आणि खाली एक वचन. दर शनिवारी लिलाव झाला की एक नंबरचा कांदा पिशवीत भरून वाटायचा. चर्चच्या मंडळीत पाळकांनी उपासनेनंतर सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं. रत्नाकरांना आत कुठंतरी बरं वाटलं. ती गेल्यापासून पहिल्यांदाच.

आता पिशव्या होत्या, त्यामुळं कोपरा झाडायला लागले.

पहिल्या शनिवारी रांग लागली. रत्नाकरांनी प्रत्येकीच्या हातात स्वतः पिशवी दिली. विठाबाईनंही घेतली, पण वर पाहिलं नाही. पुढच्या शनिवारी ती आली नाही. तिच्याबरोबरच्या बायकाही हळूहळू यायच्या बंद झाल्या. रांग होतीच, पण सगळे चेहरे नवे, आणि काही लोक तोच कांदा यार्डाच्या गेटपाशी विकून पिशवी तिथंच टाकून जायचे. मंजुनाथनं त्या पिशव्या गोळा केल्या. हमाल त्यांच्या घड्या करून खांद्यावर गोणीखाली घ्यायला लागले. सुखदाचं नाव घामानं भिजून पुसट होत चाललं होतं. रत्नाकरांनी ते पाहिलं, पण हमालांना काय बोलणार?

विठाबाई आजारी असेल असं ते धरून चालले. मग एका सकाळी चहा घ्यायला ते पलीकडच्या गल्लीत गेले, तर ती दुसऱ्याच एका ओट्याखाली वाकून कांदे वेचत होती. वरून तिथला माणूस तिला हाकलत होता, तोंडानं नको ते बोलत होता. ती ऐकून न ऐकल्यासारखं करून पदरात कांदे टाकत होती. कांदेही कसले, निम्मे नासके.

रत्नाकरांना राग आला. ती बाहेर येईपर्यंत ते चहाचा ग्लास हातात घेऊन थांबले.

"विठाबाई, मी चांगला कांदा देतो, तो सोडून इथं शिव्या खायला येता?"

"शिव्या स्वल्पच असतात, अण्णा. त्याचं तोंडच तसं. बायकोलाही तसंच बोलत असेल."

"माझ्याकडं काय कमी पडलं ते तरी सांगा."

विठाबाईनं पदराची गाठ मारली. सांगू की नको, असं तिचं चाललं होतं.

"घरात सुनेला सांगून येते मी, मार्केटात कामाला जाते म्हणून," ती म्हणाली. "वाकायचं, निवडायचं, घाण काढायची. काम नाही का ते? संध्याकाळी दोन घरी वाटा देते, मला कुणी काही म्हणत नाही. तुमची पिशवी घेऊन गेले तर सून म्हणाली, अत्ते, कुणी दिली? काय सांगू तिला?"

रत्नाकरांचा चहा हातातच गार होत होता.

"आणि अक्काचं नाव त्याच्यावर," विठाबाई म्हणाली. "ती पिशवी घेऊन मी मिरच्या आणायला जाऊ? अक्का कधी आमच्याकडं बघायची सुद्धा नाही हो. पाठ करून बसायची. आम्ही किती घेतलं, काय घेतलं, कधी वळून बघितलं नाही तिनं. एकदा मी भरल्या गोणीत हात घातला, तेव्हाही नाही. कळलं असणार तिला. आवाज होतोच की."

"तिला ऊन लागायचं," रत्नाकर म्हणाले.

"सकाळी कुठलं ऊन, अण्णा? तो पत्रा पश्चिमेला आहे."

हे मात्र खरं होतं. इतकी वर्षं त्याच ओट्यावर काढली आणि ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. चहाचे पैसे द्यायला विसरून ते निघाले, चहावाल्या पोरानं हाक मारली तेव्हा परत फिरले.

दुकानात येऊन ते नुसते बसून राहिले. तिनं कोपरा चालू ठेवा म्हटलं होतं. आपण तोच झाडून काढला आणि वर तिचं नाव छापलं. तिला दिलेला शब्द पाळतोय, असं सगळ्यांना सांगत होतो. मंडळीत टाळ्या घेतल्या. त्यांना लाज वाटली आणि तिची फार आठवण झाली. ती असती तर म्हणाली असती, तुम्हाला मेलं सगळं मोजून हातात द्यायचं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मंजुनाथला सांगितलं, की आजपासून कोपरा झाडायचा नाही, शनिवारचं वाटपही बंद. मंजुनाथनं विचारलं, की भाव चढलाय, हमाल पूर्वीसारखं सैल हातानं काम करत नाहीत, कोपऱ्यात पडणार काय? रत्नाकरांनी थोडा विचार केला. मग स्वतः एक गोणी ओढत कोपऱ्यात नेली, तोंडाची सुतळी सोडली आणि आडवी केली. कांदे जमिनीवर पसरले. थोडी गोल्टी आणून त्यांत मिसळली, पालापाचोळाही राहू दिला. सगळाच एक नंबर दिसला तर विठाबाई लगेच ओळखेल.

"वजन?" मंजुनाथनं विचारलं.

"आडतीतून."

मंजुनाथनं चहावाल्या पोराच्या हाती पलीकडच्या गल्लीत काहीतरी निरोप धाडला. काय, ते रत्नाकरांनी विचारलं नाही.

ट्रक लागला. रत्नाकर उभे राहिले, 'हे प्रभू' म्हणाले आणि नेहमीसारखे अडले. हमाल थांबले होते. "आमेन," म्हणून त्यांनी डोळे उघडले. आज एवढंच झालं.

निळी खुर्ची भिंतीशी ठेवलेली होती. ती त्यांनी पुढं आणली आणि रस्त्याकडं तोंड करून बसले. ऊन समोरून येत होतं, सरळ डोळ्यांत. बऱ्याच वेळानं मागं बांगड्या वाजल्या, मग एक कांदा घरंगळला, मग दोन बायका हलक्या आवाजात कन्नडमध्ये काहीतरी बोलून हसल्या. विठाबाई आहे का, ते त्यांना बघायचं होतं. फार बघायचं होतं. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि समोरच्या ट्रकचा नंबर वाचत बसले.