यंदाच ओकावांगो

"चार कॅम्प, मधे तीन छोटी विमानं आणि शेवटी धबधबा," शिरीष म्हणाला आणि जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या आफ्रिकेच्या नकाशावरचं आमटीचं भांडं उचलून त्यानं शेजारच्या खुर्चीवर ठेवलं. "एकही दिवस फुकट जाणार नाही."

"आमटी खुर्चीवर ठेवू नकोस, मला दिसणार नाही," प्रणिता म्हणाली.

त्यानं निमूट भांडं ओट्यावर नेलं. परत येऊन तो बसला, पुन्हा उठला, पंखा वाढवला. त्यांची मुलगी चैताली फोनमधून मान वर न काढता शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "पपा, रिलॅक्स लाह. द एलिफंट्स आर नॉट गोइंग एनीव्हेअर."

हत्ती कुठं जाणार नव्हते हे खरं. जात होती ती प्रणिताची नजर. डोळ्याच्या पडद्याच्या कडा मरत चालल्यात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. संध्याकाळ झाली की ती भिंत धरून चालायची. दिवसा समोरचं स्वच्छ दिसे, पण नळीतून पाहिल्यासारखं. ही नळी कधी बंद होईल, ते डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. तेव्हापासून शिरीषच्या पायाला भिंगरी लागली होती.

तो मूळचा जहाजावरचा इंजिनियर. उमेदीची वर्षं त्यानं इंजिनरूममध्ये काढली आणि आता कंपनीच्या अलेक्झांड्रा रोडवरच्या ऑफिसात बसून तो तीच जहाजं सांभाळत होता. ऑफिसजवळच्या क्वीन्सटाउन वस्तीतल्या फ्लॅटमध्ये तिघं पहिल्यांदाच सलग एकत्र राहत होती. आफ्रिका त्यानं पाहिली होती ती बंदरांपुरती. लग्नानंतरच्या पहिल्याच सफरीत, जहाज वॉल्व्हिस बे बंदरात धुक्यात अडकलेलं असताना, सामान पोचवायला आलेल्या एका म्हाताऱ्यानं त्याला ओकावांगोची हकिगत सांगितली होती. अंगोलाच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी समुद्राकडे न जाता उलट वाळवंटाकडे वळते आणि तिथंच पसरून जिरून जाते. ऐन कोरड्या दिवसांत तिथं पूर येतो आणि लांबलांबची जनावरं पाण्यावर येतात. शिरीषनं ते फोनवर प्रणिताला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली होती, "मला दाखव कधीतरी."

ते 'कधीतरी' आता त्याच्या मानगुटीवर बसलं होतं. जूनमध्ये चैतालीच्या शाळेला सुट्टी होती आणि पुराचं पाणीही तेव्हाच भरलेलं असे.

मे महिन्यातल्या एका रविवारी तो दोघींना शहराजवळच्या पुलाउ उबीन बेटावर घेऊन गेला, 'रंगीत तालीम' म्हणून. तिथं खारफुटीतून फळ्यांची एक लांबच लांब वाट जाते. लाकडी होडीतून उतरल्यापासून त्याची बोटं थांबेनात.

"ते बघ, त्या फांदीवर. धनेश."

"कुठल्या फांदीवर?"

"अगं, तिकडे. समोरच तर आहे."

धनेश उडून गेला. मग चिखलात खेकडे, पाण्यात पाणमांजर. दर वेळी ती मान फिरवून शोधेपर्यंत ते नाहीसं झालेलं असे. शेवटी त्यानं मागून तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि जाम झालेला व्हॉल्व फिरवावा तसं वळवलं.

प्रणितानं त्याचे हात बाजूला केले. चैताली दोन पावलं पुढे जाऊन कठड्याला टेकली आणि उगाचच चिखलाकडे बघत राहिली.

"शिरीष, तुला मला दाखवायचंय, की दाखवून मोकळं व्हायचंय?"

ती तिथंच फळीवर बसली. भरतीचं पाणी मुळांमधून आत येत होतं. जरा वेळानं तोही तिच्याशेजारी बसला.

"चार कॅम्प नकोत," ती म्हणाली. "एकच कर. मला एका जागी बसू दे. समोर येईल ते माझं मी शोधीन. हत्ती सापडायला अर्धा तास लागला तर लागू दे."

"आणि हत्ती आलाच नाही तर?"

"तर पाणी बघीन. तेवढं मोठं असेल ना?"

त्याला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळा बेत मोडून एकाच कॅम्पचं बुकिंग केलं. फोनवरच्या बाईला त्यानं चाचरत सांगितलं की बायकोला अंधारात दिसत नाही. ती म्हणाली, कॅम्पला कुंपण नाही, त्यामुळे दिवस मावळल्यावर कुणालाच एकट्यानं चालायची परवानगी नसते. तंबूपर्यंत माणूस सोबत येतो.

हे ऐकून प्रणिता कितीतरी दिवसांनी मोकळं हसली. "म्हणजे तिथं सगळेच माझ्यासारखे."

निघायला आठवडा राहिला आणि हिंदी महासागरात कंपनीच्या एका जहाजाचं इंजिन बसलं. जहाज ओढत चीनमधल्या गोदीत न्यायचं ठरलं. शिरीषचा साहेब श्रीनिवास केबिनमध्ये येऊन म्हणाला, "रजा कॅन्सल कर असं मी म्हणत नाहीये. थोडी पुढे ढकल. त्या इंजिनावर तू स्वतः काम केलंयस, दुसरं कोणाला पाठवू?"

शिरीषनं नाही म्हणायला तोंड उघडलं. तोंडातून निघालं ते, "गोदीत कधी पोचतंय?"

घरी येऊन त्यानं बूटही काढले नाहीत. "पुढच्या वर्षी जाऊ," तो दारातूनच म्हणाला. "नक्की. हवं तर तुला लिहून देतो."

प्रणिता कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचा हात थांबला नाही. "पुढच्या वर्षी तू जा. मी यंदा जाते."

"एकटी?"

"चैताली आहे की."

"अगं, तिथं मी नसलो तर—"

"तू नसताना मी बाळंत झाले, घर बदललं, तिला शाळेत घातलं. हत्ती पण बघीन." आवाजात राग नव्हता. त्यानं वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या.

चांगी विमानतळावर त्यानं चैतालीला बाजूला घेतलं. "आईला बोट दाखवू नकोस हं. डावीकडे की उजवीकडे, किती वर, कशाच्या शेजारी, असं सांग. आणि घाई करू नकोस."

"आय नो, पपा," ती म्हणाली. मग मराठीत म्हणाली, "मी सांगीन नीट."

दोघी आत गेल्या. चैताली पासपोर्ट दाखवत असताना प्रणिता काचेपलीकडे थांबली आणि वळून त्याला शोधू लागली. तिची मान सावकाश एका टोकाकडून दुसरीकडे फिरत होती. शिरीषनं हात वर केला, जोरजोरात हलवला. तिची नजर गर्दीवरून सरकत त्याच्या अलीकडच्या खांबापाशी थांबली. तिथं शिरीषसारखाच फिक्या रंगाचा शर्ट घातलेला कुणीतरी उभा होता. त्याच्याकडे बघून ती हसली, हात हलवला आणि पाठ वळवून चालू लागली.

तोवर तो परका माणूस निघून गेला होता. शिरीष चार पावलं चालून त्या खांबापाशी गेला आणि हात खाली घेऊन तिथं नुसता उभा राहिला.