उजव्या पापणीचा झोळ

मास्तरांना झोळ खपत नसे. खांद्यात बोटभर कापड जादा राहिलं की त्यांना चैन पडत नसे, मग गिऱ्हाईक कितीही म्हणो, "असू द्या हो, चालतंय." कापायचं काम मास्तरांचं, शिवायचं बायकोचं. सगळा संसार असा एकाच टेबलाच्या दोन बाजूंना झाला होता.

वयाबरोबर बायकोच्या वरच्या पापण्या उतरल्या. कातडीची घडी पार बाहुलीवर येऊन बसली. फळीवरची रिळं बघायची तर ती हनुवटी वर करून, कपाळाला आठ्या घालून बघे आणि मास्तर म्हणत, "महाराणींची स्वारी आली." शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पापण्यांवरची जादा कातडी काढली. टाके निघाल्यावर ती दुकानात आली, फळीकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, तो निळा दोरा तर आपल्याकडे होताच की! उगाच नवा आणलात." ती खूश होती. गोष्ट इथेच संपती तर किती बरं झालं असतं.

पण मास्तरांची नजर पडली. उजव्या पापणीवर एक बारीक घडी डावीपेक्षा जादा होती. ते बायकोला घेऊन परत डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"मुद्दाम ठेवलीय," बाई म्हणाल्या. "डोळा मिटायला कातडी लागते, मास्तर. अजून काढली तर पापणी खालपर्यंत पुरायची नाही."

"पण झोळ दिसतो ना!"

"यांना काही त्रास आहे का?"

बायकोने तोंड उघडलं, पण उत्तर मास्तरांनीच दिलं, "तिला काय कळतंय त्यातलं?"

घरी ती म्हणाली, "राहू द्या ना. माझं काही अडत नाही."

"माझं अडतं," मास्तर म्हणाले, आणि चेहरे सुंदर करून देणाऱ्या एका चकचकीत दवाखान्यात तिला घेऊन गेले. ती गेली. नवऱ्यापुढे हट्ट धरायची सवयच नव्हती तिला.

आता गंमत बघा. म्हणजे गंमत कसली, कपाळ. मास्तरांच्या दुकानातून कपडा बाहेर पडायचा तर गिऱ्हाइकाला आधी हात वर करावे लागत, खाली बसावं लागे, वाकावं लागे. नुसतं उभ्या माणसावर कपडा बघणाऱ्याला ते शिंपीच म्हणत नसत. आणि त्या दवाखान्यात याच माणसाने उघड्या डोळ्यांच्या बायकोला आरशासमोर बसवलं, पापणीवरची घडी चिमटीत धरली आणि डॉक्टरला दाखवली, "एवढं घ्या." एकदा डोळे मिट म्हणून सांगायचं त्यांना सुचलं नाही. डॉक्टरलाही सुचलं नाही. त्याची अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. त्याने 'एवढं' घेतलं.

पापण्या अगदी एकसारख्या झाल्या. मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला बायकोचा चेहरा दाखवत सुटले. दुपारी ती टेबलामागे डुलकी काढायची तेव्हा उजवा डोळा अर्धवट उघडा राहायचा, आत पांढरं दिसायचं. मास्तरांना त्याचंही हसू. "बायको झोपेतसुद्धा माझ्यावर एक डोळा ठेवते," असं ते गिऱ्हाइकांना सांगत. गिऱ्हाइकं हसत. बायकोही हसे आणि पदराने डोळा टिपे. सकाळी उठलं की त्यात वाळू गेल्यासारखं खुपायचं, पाणी यायचं, दिव्याभोवती कडी दिसायची. "टाके ओले आहेत अजून," मास्तर म्हणायचे.

धाकटी मेहुणी भेटायला आली, तिलाही मास्तरांनी हाच विनोद ऐकवला. ती हसली नाही.

"भाऊजी, उघडा राहतो म्हणजे? रोज? ताई, इकडे बघ बरं." तिने बहिणीचा चेहरा उजेडाकडे फिरवला. डोळा लालभडक होता आणि बुबुळाच्या खालच्या भागावर डाळीएवढा पांढरा ठिपका होता. "अहो, तुम्ही माणूस आहात की कोण? हिला डोळा मिटता येत नाहीये आणि तुम्ही हसताय?"

मास्तरांनी कात्री ठेवली, दुकान तसंच टाकलं आणि ते बायकोला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे धावले.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात पिवळा थेंब घातला, निळ्या उजेडात बघितलं. मग सांगितलं. पापणी दर वेळी मिटताना डोळ्यावर ओल पसरवते. ती खालपर्यंत पोचत नव्हती, म्हणून बुबुळावरचा पारदर्शक पडदा उघडा पडून वाळला, सोलला आणि जखमेत जंतू शिरले. रागावल्या नाहीत त्या. रागावल्या असत्या तर मास्तरांना जरा बरं वाटलं असतं.

मग थेंब, मलम आणि डोळ्यावर चिकटपट्टी. जखम आटोक्यात आल्यावर कानामागची कातडी काढून पापणीला ठिगळ लावलं. आता पापणी मिटत होती. पण पडद्यावर खालून पार मधोमधपर्यंत पांढरं फूल पडलं होतं. उजव्या डोळ्याला उजेड कळे, माणूस उभा आहे एवढं कळे, कोण ते कळत नसे. शिवणीचं काम तिने सोडून दिलं. मास्तर दुकानात एकटेच बसत, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघवत नसे त्यांना. मी हे केलं, माझ्या हाताने केलं, हे एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत राही.

नंतरच्या तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नेत्रदानातून आलेला पडदा बसवता येईल. दिसायला लागण्याची शक्यता बरी आहे. खात्री मात्र देत नाही."

मास्तर खुर्चीतून उठलेच. "करून टाकू! कधी भरती करायचं? लागेल ते..."

"तुम्ही बाहेर बसा," बायको म्हणाली.

"अगं, पण..."

"बाहेर बसा. माझ्या डोळ्याचं मी बोलते."

मास्तर बाकावर जाऊन बसले. दार बंद होतं. आतलं काही ऐकू येत नव्हतं. तिच्या वतीने बोलायचं नाही म्हणजे काय करायचं, हेच त्यांना कळेना. आतून ती आली तेव्हा ते धडपडत उठले.

"काय ठरलं?"

"मी नको म्हणाले."

"अगं वेडी का काय? दिसेल तुला परत!"

"मला दिसत होतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पहिल्या वेळी टाके निघाले ना, त्यानंतर मला सगळं दिसत होतं. तुम्ही विचारलंत का? आता माझ्या डोळ्याला कुणी हात लावायचा नाही."

पुढे पायऱ्या होत्या. तिला आधार द्यायला म्हणून ते तिच्या उजवीकडून पुढे सरकले आणि त्यांनी तिच्या दंडाला हात लावला. ती दचकून मागे सरली, भिंतीला टेकली. हात कुणाचा ते कळायला तिला अख्खी मान वळवावी लागली.

"डाव्या बाजूने या," ती म्हणाली. "इकडून आलात की मला भीती वाटते."