बाळ झोपलंय

स्वयंपाकघरात वाटी पडली. स्टीलची एवढीशी वाटी, पण फरशीवर आपटून अशी काही गरगरत राहिली की सगळं घर उठवूनच थांबते की काय. रात्रभर किरकिरून बाळाचा नुकता कुठे डोळा लागला होता. पांघरुणातून डोकंही बाहेर न काढता ती दबक्या आवाजात फिस्कारली, "आई, हळू ना गं! आत्ताच झोपलंय बाळ!"

वाटी थांबली. आईचं उत्तर आलं नाही. खरं तर तिची आई असं मुकाट ऐकून घेणाऱ्यांतली नव्हे. 'तुमच्या ह्या घरात शिंकायचीसुद्धा चोरी' एवढं तरी ती पुटपुटलीच असती. आज चक्क ऐकलं म्हणायचं, असं मनाशी म्हणत तिने बाळाच्या पाठीवर हात ठेवला, आणि बाळासोबत तिलाही गाढ झोप लागली.

लेकीचं बाळंतपण करायला आई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून परमुलखात आली होती. आल्या दिवशी कंबर कसून तिने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, आणि "आता तू फक्त पडून राहायचं" असा लेकीला हुकूम सोडला. तिकडे बाबा डब्यावर दिवस काढत होते आणि रोज फोनवर विचारत होते, "काय गं, माझी बायको परत कधी पाठवतेस? का ठेवूनच घेतलीस?" आई फोनकडे न बघता म्हणायची, "त्यांना सांग, जरा कळू दे किंमत."

घर दोन खोल्यांचं, भिंती पुठ्ठ्याच्या म्हणाव्यात अशा. इकडे खोकलं की पलीकडच्या खोलीत बाळ दचकायचं. त्यामुळे बाळ झोपलं की घरात कुणी आवाज करायचा नाही, हा कायदा लेकीने स्वतःच केला होता. चार वर्षांच्या चिऊला तर तिने त्यापायी दोनदा चांगलंच दटावलं होतं. तेव्हापासून पोर पायमोजे घालून चवड्यांवर चालायची. आई म्हणाली होती, "पोरीची मांजर केलीस गं तू."

ती जागी झाली तेव्हा पडद्यावर ऊन आलं होतं. नवरा वाटी पडायच्या आधीच पहाटेच्या पाळीला गेलेला. घर इतकं शांत होतं की तिला बरंच वाटलं. चहाचा वास कसा नाही, एवढाच विचार मनात आला, आणि ती स्वयंपाकघराच्या दारात आली.

आई ओट्याखालच्या कपाटाला टेकून फरशीवर बसली होती. बाळाच्या अंगाला लावायचं तेल भोवती पसरलं होतं. उजवा हात मांडीवर दुसऱ्याच कुणाचा ठेवल्यासारखा पडला होता आणि ओठ एका बाजूला ओघळले होते. लेकीला बघून तिने हसायचा प्रयत्न केला. हसू अर्ध्याच चेहऱ्यावर आलं.

इथली भाषा लेकीला दुकानापुरती यायची. त्याच तुटपुंज्या शब्दांवर तिने फोन करून अँब्युलन्स बोलावली, चिऊला शेजारच्या बाईंच्या हवाली केलं आणि बाळाला पोटाशी बांधून आईबरोबर निघाली. उचलून नेताना आई डाव्या हाताने सारखं गुडघ्यांवर पातळ ओढत होती.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी कागदावर डोक्याचं चित्र काढलं. त्यात एक रेघ ओढली आणि रेघेवर ठिपका दिला. इथे रक्ताची गाठ अडकली आहे. मग त्यांनी विचारलं, "आजी शेवटच्या ठीक कधी होत्या?"

"वाटी पडली, त्याच्या आधी," ती म्हणाली.

"वाटी?"

मग तिला सगळं नीट सांगावं लागलं. पहाट. वाटी. आपण ऐकली. आपण परत झोपलो. शेवटचं वाक्य सांगताना शब्द आठवत नव्हता असं नाही, तोंडातून निघत नव्हता. बाईंनी घड्याळाकडे बघितलं, कुणाला तरी भराभर काही सांगितलं आणि म्हणाल्या, "गाठ विरघळवायचं औषध देण्याइतका वेळ अजून आहे. पण ते जितकं लवकर द्यावं तितकं जास्त हाती लागतं. हात, बोलणं, काय परत येईल ते आता बघायचं. घरी जायचा विमानप्रवास मात्र सध्या विसरा."

"तिला हाक मारता आली नसेल ना?" तिने विचारलं. "म्हणजे, वाचा लगेच गेली असेल ना?"

"जाऊ शकते," बाई म्हणाल्या.

तेवढ्या दोन शब्दांना ती घट्ट धरून बसली. एका दयाळू नर्सने कोपऱ्यात पडदा लावून दिला. तिथे बाळाला पाजताना ती मनात तेच घोकत होती. जाऊ शकते. गेलीच असणार.

बाबांना सांगणं भागच होतं.

"तिला दे जरा फोन," सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले.

"ती बोलत नाहीये, बाबा."

"रागावली असेल. तुला माहितीये ना तिचा राग." मग त्यांचं त्यांनाच काय ते उमगलं. "पडल्यावर हाक नाही मारली तिने?"

"मारताच आली नसेल. वाचाच गेली होती, बाबा."

"तेच म्हटलं. नाहीतर तिची हाक चार घरं पलीकडे जाते."

दुपारी भेटायच्या वेळेला नवरा कामावरचे कपडे तसेच ठेवून चिऊला घेऊन आला. आई खाटेवर डोळे उघडे ठेवून पडली होती. नळ्या, पट्ट्या, बाजूला टिकटिकणारं यंत्र. चिऊ खाटेच्या कडेशी आली, यंत्राकडे बघितलं आणि कुजबुजली, "आजी, मी वर येऊ?"

आईने डाव्या हाताने खाटेवर हळूच थोपटलं.

"बूट काढ आधी," ती चिऊला म्हणाली आणि स्वतःच खाली वाकून पोरीचे बूट काढू लागली. रात्रीचेच पायमोजे पायात होते. नवऱ्याला घाईत सुचलं नसणार. तळव्यांना पिवळे, चिकट डाग होते, त्यांना केर चिकटलेला.

"चिऊ, हे तेल कुठून लागलं गं?"

"आजीजवळचं."

"कधी? सकाळी तर मी तुला आत येऊच दिलं नव्हतं."

"तेव्हा नाही काही. तू झोपली होतीस ना, तेव्हा." चिऊ आजीच्या कुशीत सरकत म्हणाली. "मी पाणी प्यायला उठले. आजी खाली बसली होती. मी म्हटलं, काय करतेस? तर तिने असं केलं." आणि पोरीने आपलं इवलंसं बोट ओठांवर ठेवलं.

तिच्या हातात बूट तसाच राहिला.

"मग?"

"मग मी पण बसले. खूऽऽप वेळ बसलो आम्ही. मग मला कंटाळा आला, मी गेले झोपायला."

"आजी काही…" विचारू नये असं वाटत होतं, आणि विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं. "आजी काही बोलली नाही ना?"

"बोलली की! तोंडात घास असल्यासारखं बोलली. मला हसू आलं. मग तिला पण आलं."

"काय बोलली?"

"बाळ झोपलंय, म्हणाली."

नवरा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. बाळ पोटाशी शांत झोपलं होतं. तिने आईकडे बघितलं. आईला सगळं ऐकू येत होतं, समजतही होतं. अर्धा चेहरा काही सांगायला धडपडत होता, पण घशातून एक ओबडधोबड आवाज तेवढा बाहेर आला. डावा हात चिऊच्या पाठीवरून फिरत राहिला, लहान मुलाला झोपवताना फिरतो तसा.

चिऊने आपल्या आईच्या तोंडाकडे बघितलं, मग आजीच्या. पोरीचा खालचा ओठ जरा पुढे आला.

"मी आवाज नव्हता केला," ती म्हणाली. "खरंच. जराही नाही केला."

"हो गं राणी. माहितीये मला."

पोरीने थोडा वेळ विचार केला. खाटेवरून पुढे झुकून तिने आपल्या आईच्या कानाशी तोंड नेलं, आणि बाळ उठू नये अशा बेताने हळूच विचारलं, "आई, मी ओरडायला हवं होतं का?"