शेफील्डचा खोकला

गोकुळवर प्रसेनजितला संशय आला तो कॅसेट वाजायच्या आधीच, कारण गोकुळ हसत हसत आला होता. दुर्मिळ रेकॉर्डिंग आणणारा माणूस हसत येत नाही. त्याचा जीव थाऱ्यावर नसतो. पिशवी पोटाशी धरून, चोरी केल्यासारखा तो घरात शिरतो. प्रसेनजित स्वतःची कॅसेट घेऊन आला होता तेव्हा तसाच शिरला होता.

मेहकरात वामनराव सरांच्या बैठकीत दर रविवारी जेवणं आटोपली की लाईव्ह श्रवण मंडळ भरायचं. सर म्हणजे रिटायर झालेले इंग्रजीचे मास्तर आणि मंडळाचे अध्यक्ष. मंडळाचं दैवत एकच, कॉपर लँटर्न नावाचा इंग्लंडातला जुना रॉक बँड. बँड फुटून जमाना झाला, पण मेहकरात त्याला मरण नव्हतं. गाव त्याला 'तांब्याचा कंदील' म्हणायचं आणि या लोकांना 'कंदीलवाले'.

स्टुडिओत बसून केलेली गाणी मंडळ ऐकत नसे. "थे म्हंजे फोटोतली पुरणपोळी," असं सर म्हणत. गाणं ऐकावं तर मैफलीतलं, चुका आणि शिट्ट्यांसकट. कोणत्या गावी ड्रमवाल्याच्या हातून काडी निसटली, कुठे कोणी बाटली फोडली, हे या लोकांना तोंडपाठ. स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र बायकोला विचारावी लागे.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे शेफील्डची मैफल. तिचं साऱ्या दुनियेत एकच रेकॉर्डिंग, आणि ते प्रसेनजितनं मेहकरच्या एका भंगारवाल्याच्या ढिगातून उपसून काढलेलं. शेफील्डची कॅसेट मेहकरच्या भंगारात आली कशी, हा प्रश्न कोणाला पडला नाही. देव सापडला की तो कोणत्या बसनं आला हे कोणी विचारत नाही. प्रसेनजितनं ते रेकॉर्डिंग इंटरनेटवरच्या जागतिक चाहत्यांच्या ग्रुपवर टाकलं आणि तिथे धुरळा उडाला. कारण तिसऱ्या गाण्यात सगळी वाद्यं थांबतात, हॉल चिडीचूप होतो, आणि गिटार सुरू व्हायच्या आधी कोणीतरी खोकतं. खोल, खरखरीत, शेवटी जरा शिट्टी वाजल्यासारखं.

पोलंडच्या एका चाहत्यानं त्या खोकल्याचं चित्र बनियनवर छापून घेतलं. ब्राझीलवाल्यानं त्याची रिंगटोन केली. इंग्लंडातल्या एका विद्वानानं लांबलचक लेख लिहिला, की हा पोलादाच्या कारखान्यात जन्म गेलेल्या कामगाराचा खोकला आहे आणि यात एका पिढीचं दुःख आहे. सरांनी तो लेख मंडळात उभं राहून वाचून दाखवला. त्या दिवसापासून रीतच पडली. खोकल्याची जागा आली की मंडळ उभं राहायचं, मान खाली, श्वास बंद. प्रसेनजित एका कॉलेजात लॅब असिस्टंट, पण रविवारी तो उपाध्यक्ष असे, ते या खोकल्याच्या जोरावर.

आणि आता मंडळातलाच गोकुळ म्हणत होता, त्याच मैफलीची दुसरी कॅसेट त्याच्याकडे आहे.

"कुठी भेटली बे?" प्रसेनजितनं विचारलं.

"माह्या मामाची हाय. पुंजाजी मामाची. मायनं पेटी उघडली त्यात निघाली. डबीवर बँडचं नाव अन् शेफील्ड लिहेल हाय."

पुंजाजी मामा जानेफळचा, गेल्या साली वारला. तरुणपणी आपण जहाजावर स्वयंपाकी होतो, इंग्लंडात उतरून हॉटेलात राबलो, असं तो जन्मभर सांगायचा. अन् जानेफळ जन्मभर म्हणायचं, पुंज्या भुसावळच्या पुढे गेलाच नाही. पारावर बसला की पोरंसोरं विचारायची, "मामा, भुसावळात राणी भेटली काय?"

सरांनी कॅसेट टेपमध्ये घातली. आधी खरखर, मग गर्दीचा गलका आणि मग अगदी कानाजवळ एक आवाज: "हालू नको बे, बटन दाबलं म्या."

मंडळ एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलं.

"शेफील्डात वऱ्हाडी कोन बोलते बे?" प्रसेनजित म्हणाला.

"मामा बोलते ना! त्यानंच तर भरली."

"अन् तुह्या मामानं ज्याले दटावलं थो कोन? मलकापूरचा?"

हशा पिकला. तिसरं गाणं आलं. वाद्यं थांबली. मंडळ रिवाजाप्रमाणे उभं राहिलं, माना खाली गेल्या. शांतता आली. शांतता तशीच राहिली. आणि गिटार सुरू झाली.

खोकला नव्हता.

सर मान वर करायचीच विसरले. देवळात जाऊन गाभारा रिकामा दिसावा तसं झालं. मग एकदम कालवा झाला. "पुसला! यानं खोकला पुसला!" "पुसला कायचा, सारंच नकली हाय!"

"गोकुळ," प्रसेनजित म्हणाला, "तू हे कॉम्प्युटरवर बनवलं. खोकला बनवता आला नाही, तितं फसला."

"माह्या मामाची आन."

"मामा तरी कुठी खरा होता बे?"

हे बोलून गेल्यावर प्रसेनजितला जरा चुकल्यासारखं वाटलं, पण उपाध्यक्षानं शब्द मागे घ्यायचा नसतो. ठरलं असं, की पुढच्या रविवारी मूळ कॅसेट आणून दोन्ही समोरासमोर वाजवायच्या. गोकुळची खोटी ठरली तर गोकुळ मंडळाबाहेर, आणि पुंजाजीचं नाव लबाड म्हणून साऱ्या जगाच्या ग्रुपवर.

प्रसेनजित घरी आला आणि मूळ कॅसेट शोधायला लागला. माळा पाहिला, दिवाण उपसला. कॅसेट नाही. गोकुळनं चोरली की काय, असा नवीन संशय त्याला आला. तो तणतणत जानेफळ रोडच्या शेतात गेला. त्याचा बाप कचरू तिथं ज्वारीत बसला होता. ज्वारीवर इकडून तिकडे काळीभोर रिबीन ताणलेली, वाऱ्यानं थरथरत होती, उन्हात चमकत होती. तिला भिऊन पाखरं दूर बाभळीवर बसली होती.

"बाबा, हे काय हाय?"

"रिबीन. पाखरं येत नाईत. लय गुणाची हाय."

"कोनत्या कॅसेटची?"

"तुहीच व्हती की. तू त मोबाईलात घेतलं ना गाणं? मंग डबीले काय पुजाचं व्हतं?"

ज्या कॅसेटसाठी पोलंडचा माणूस किडनी द्यायला तयार होता, तिच्यावर एक कावळा बसून बघत होता. तेवढ्यात कचरूला खोकला आला.

खोल. खरखरीत. शेवटी जरा शिट्टी वाजल्यासारखा.

प्रसेनजित मान खाली घालून उभाच राहिला. सवयच ती. मग त्यानं झटकन मान वर केली.

"बाबा, पुन्हा खोका बरं."

"काऊन बे?"

कचरूची उमर जिनिंगमध्ये गेली होती, कापसाच्या भुकटीत. तो खोकला घरात पंख्यासारखा चालूच असे. तो ऐकू येऊ नये म्हणून प्रसेनजित कानाला हेडफोन लावायचा आणि आत शेफील्डचा खोकला ऐकत बसायचा. ती कॅसेट मोबाईलमध्ये घेताना वायर नव्हती, म्हणून त्यानं टेपसमोर मोबाईल ठेवला होता, पंखा बंद केला होता, दार लावलं होतं. दाराच्या पलीकडे बाजेवर बाप निजला होता. त्यानंतर मंडळानं ऐकलं ते मोबाईलवरचंच, कॅसेट कोणी परत लावलीच नव्हती. हे सगळं त्याला आता आठवलं.

तरी उपाध्यक्ष असा सहज हार मानत नाही. बाबाचा खोकला शेफील्डसारखा असेल, पण तोच आहे याला पुरावा काय? मग तो घरात बापामागे मोबाईल घेऊन फिरायला लागला. कचरू चहा प्यायला बसला की हा दाराआड. कचरू अंघोळीला गेला की हा न्हाणीला कान लावून. प्रसेनजितची बायको पायल एका दवाखान्यात नर्स होती. तिनं हे पाहिलं आणि तिलाही वेगळाच संशय आला.

"बाबाले काई मोठं दुखणं हाय काय हो? मले सांगत काऊन नाई तुमी?"

"काई नाई."

"मंग खोकला मोजून काऊन राह्यले?"

तिनं वाट पाहिली नाही. कचरूला दवाखान्यात नेलं, छातीचा फोटो काढला, औषध आणलं, सकाळ-संध्याकाळ वाफ दिली. जो खोकला जिनिंगपासून पिच्छा सोडत नव्हता, तो ऐन रविवारच्या तोंडावर बसला. साऱ्या घरादाराला बरं वाटलं, एक प्रसेनजित सोडून.

रविवारी गोकुळ आईला घेऊन आला. विमलबाई कंदीलवाल्यांच्या बैठकीत पहिल्यांदाच आल्या होत्या. सरांनी खुर्ची दिली, पण त्या खालीच बसल्या.

"माह्या भावाले जितेपनी लोकं लबाड म्हनले," त्या म्हणाल्या. "थे म्या आयकलं. आता मेल्यावर कोन म्हनते थे पाहाले आली."

सरांनी घसा खाकरून कॅसेट लावली. खरखर, गलका, आणि कानाजवळचा आवाज: "हालू नको बे, बटन दाबलं म्या."

"हाव रे पुंजाजी," विमलबाई पटकन म्हणाल्या, जणू तो दारातून बोलला. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. त्यांच्या घरी टेप नव्हता. हा आवाज त्या आत्ताच ऐकत होत्या.

प्रसेनजितनं टेप बंद केला.

"सर, गोकुळची कॅसेट खरी हाय. हेच मूळ हाय. माह्यावाली त बापानं ज्वारीवर ताणली. थे याचीच कॉपी असन, सुरुवातीचं बोलनं कटलेली, मामानंच कोनाले देल्ली असन. खोकला कॅसेटीत नाईच. थो माह्या बापाचा हाय."

बैठकीत शेफील्डपेक्षा मोठी शांतता पसरली.

"काय बोलून राह्यला तू?" सर म्हणाले. "दुनियेनं मान्य केलेला खोकला हाय थो."

"माह्या घरातला हाय, सर."

"गोकुळनं तुले फितवलं."

"मले कोन फितवन? मीच त त्याले खोटं म्हनलो."

"मंग आन बापाले. खोकू दे आमच्यासमोर."

कचरूला आणलं. तो खुर्चीवर बसला. समोर मंडळ कान टवकारून.

"खोका."

"येत नाई ना भाऊ. सुनेनं औषध देल्लं."

"काई जोर करून पाहा."

कचरूनं जोर केला. ढेकर आला. कोणीतरी सुचवलं, मिरच्यांचा धूर करा. सरांच्या बायकोनं तव्यावर सुक्या मिरच्या टाकल्या, आणि घर भरून धूर झाला. अध्यक्ष खोकले. सगळं मंडळ खोकलं. विमलबाई, गोकुळ, सरांची बायको, गल्लीतून जाणारा एक सायकलवाला, सगळे डोळे पुसत खोकत होते. कचरू एकटा धुरात शांत बसला होता. "जिनिंगात याच्या दसपट राहे," तो म्हणाला.

प्रसेनजितकडे शेवटी मोबाईलच उरला. शेतातल्या दिवसानंतर दाराआड उभं राहून भरलेला एक खोकला त्यात होता. त्यानं तो वाजवला. सरांनी डोळे मिटून ऐकला, पुन्हा ऐकला, आणि निकाल दिला:

"नक्कल बरी हाय. पन मूळ खोकल्यात जे दुःख हाय, थे यात नाई."

"माह्या खोकल्याची नक्कल मी कायले करू बे?" कचरू उठून उभा राहिला. "माहाच खोकला अन् मीच चोर?"

त्याला खाली बसवता बसवता मंडळाचा ठराव झाला. खोकल्याचा अपमान केला म्हणून प्रसेनजित बाहेर. कॅसेटीत खोकला नाही म्हणून ती खोटी, सबब गोकुळही बाहेर. प्रसेनजितनं घरी जाऊन जागतिक ग्रुपवर सगळं खरं लिहिलं आणि बापाचा खोकला जोडला. तिथे तर आगच लागली. इंग्लंडच्या विद्वानानं कळवलं, की मूळ खोकल्यात पोलाद ऐकू येतं, यात येत नाही, सबब हा इसम भोंदू आहे. पोलंडवाल्यानं बनियन घालून निषेधाचा फोटो टाकला. प्रसेनजितचं नाव ग्रुपमधून निघालं.

"पोलाद?" कचरूनं विचारलं. "मंग म्या जिनिंगात काय लोखंड पिंजलं?" त्यानं पायलच्या देखत औषधाची बाटली कोनाड्यात मागे सारली आणि बाजेवर असा बसला, की आता येऊ दे खोकला, दाखवतोच एकेकाला.

पुढचा रविवार आला. जायला मंडळ नव्हतं. प्रसेनजित स्वतःच गोकुळच्या दारी गेला.

"मामाले तसं बोलाले नव्हतं पाहिजे मी," प्रसेनजित म्हणाला.

"नव्हतंच पाहिजे," गोकुळ म्हणाला, पण आत जाऊन कॅसेट घेऊन आला. मागून विमलबाई चपला घालतच निघाल्या. "मी बी येतो. तुमच्या घरी टेप हाय ना?"

प्रसेनजितच्या घरी सगळे टेपभोवती बसले. विमलबाईंनी भावाचं ते वाक्य आधी तीन-चारदा वाजवून घेतलं, मग म्हणाल्या, "आता होऊ द्या तुमचं कंदील." तिसरं गाणं आलं. वाद्यं थांबली. कचरूनं अगदी त्याच वेळी तोंडावर गमचा दाबला. त्याचे डोळे मोठे झाले, चेहरा लाल झाला. औषध बंद केल्याचा गुण आला होता.

आणि त्या शांततेत प्रसेनजितला एक बारीक कुईं ऐकू आली. गिटारवाल्यानं सुरू करायच्या आधी खुंटी जराशी पिळली होती, तार चढवली होती. ज्या जागी आजवर खोकला होता, बरोबर त्याच जागी. दुनियेत हे कोणी ऐकलं नव्हतं.

त्यानं झटकन टेप थांबवला.

"काय झालं बे?" गोकुळ म्हणाला.

"दार वाजलं काय आपलं? बिजागरी?"

पायलनं उठून दार हलवलं. दार मुकं होतं. प्रसेनजितनं पंखा बंद केला, खिडकी लावली, कॅसेट मागे घेतली. वाद्यं पुन्हा थांबली. कुईं पुन्हा आली, तिथेच.

"तारच हाय," तो म्हणाला.

"दोनदा पाहिल्याबिगर खरं वाटत नाई काय तुमाले?" विमलबाई म्हणाल्या. "पुंजाजीले त कोनी एकदा बी पाहून नाई घेतलं."

गमच्याआडून कचरूनं कसंबसं विचारलं, "आता खोकलू का मी?"

"थांबा बाबा," प्रसेनजित म्हणाला. "गाणं संपू द्या."