पाच जून की सहा मे

"चिमे, तिला सांग, चहा गार झालाय," दादा म्हणाला. ती म्हणजे वहिनी, हातभर अंतरावर उभी होती.

आता ऑपरेशनचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून तो बायकोशी थेट बोलत नव्हता. तपासणी सहा मे रोजी होती आणि वहिनी त्याला घेऊन गेली पाच जूनला. तोवर पोटातली गाठ यकृतापर्यंत पोचली होती.

"काउंटरवरच्या बाईंनी पाच जूनच सांगितलं हो," वहिनी पुन्हा म्हणाली.

"हो ना, हॉस्पिटल चुकलं, कॉम्प्युटर चुकला, हीच तेवढी शहाणी."

हॉस्पिटलचं अपॉइंटमेंटचं वेबपेज चिमीनेच लिहिलं होतं. सकाळी ती काउंटरवर जाऊन आली होती. तिच्या स्वतःच्या स्क्रीनवर दादाची तारीख ०६/०५ दिसत होती, काउंटरवरच्या नव्या कॉम्प्युटरवर ०५/०६. त्याची सेटिंग, जिथे महिना आधी लिहितात अशा देशाची होती. आल्यापासून ती कोणी बदललीच नव्हती. आणि तारीख त्या त्या मशीनच्या सेटिंगप्रमाणे दाखवायची, असं तिच्याच एका ओळीने पेजला सांगितलं होतं. तेरावा महिना नसतो, त्यामुळे बारानंतरच्या तारखा सगळे बरोबर वाचत. गोची होती ती बारापर्यंतच्या तारखांची.

"मॅडम, तारखा विचित्र दिसतात म्हणून मी कळवलं होतं तुम्हाला," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या होत्या. आवाजात तक्रारही नव्हती.

कळवलं होतं, एप्रिलमध्येच. चिमीने आपल्या स्क्रीनवर पाहून उत्तर दिलं होतं: माझ्याकडे बरोबर दिसतंय.

"दादा," ती म्हणाली, "वहिनीला पाच जूनच सांगितलं होतं. बाईंना स्क्रीनवर तसंच दिसत होतं. माझ्या पेजमुळे."

तो तिच्याकडे वळला. "आता नीट केलंस?"

"सकाळीच. आता महिना अक्षरांत येतो."

"एवढंच करायचं होतं?"

"एवढंच."

मी म्हणत होते ना, एवढंसुद्धा वहिनी म्हणाली नाही. तिने कप उचलला. "दुसरा करून आणते."

"राहू दे," दादा म्हणाला, आणि या वेळी तिच्याकडे बघून. "बस जरा इथे."

ती पलंगाच्या कडेला टेकली. कप तिच्या हातातच राहिला.

"चिमे," तो भिंतीकडे वळत म्हणाला, "तू निघ आता."